पेट्रोल थोरल्याचं, करंट धाकट्याचा

आमच्या गॅरेजमध्ये वाटणी झाली ती जागेची नव्हे. जागा एकच, शटर एकच, गाडीखाली उतरायचा खड्डाही एकच. वाटणी झाली ती गाडीची. कुठलीही गाडी आत आली की तिच्यातलं पेट्रोल थोरल्या भावाचं आणि करंट धाकट्याचा. टाकी, पाइप, कार्बोरेटर, इंजिन ही थोरल्याची हद्द. बॅटरी, वायरी, कॉइल, दिवे ही धाकट्याची. समोरच्या खोलीत मी सीटची कव्हरं शिवते, म्हणून कापड माझं. आणि या सगळ्याच्या मधोमध, खड्ड्याच्या काठावर, लोखंडी खुर्चीत पाय सरळ पुढे ताठ ठेवून आमची आई.

आईचं काम निरोपाचं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते पुढे येईलच, फार मोठं काही नाही त्यात. थोरला इंजिनात डोकं घालून म्हणायचा, "आई, त्याला सांग, बॅटरी काढून घे म्हणावं." धाकटा त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला, हात लांब केला तर थोरल्याच्या खांद्याला लागेल इतका जवळ. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेलेला असायचा. तरी तो हलायचा नाही. आई म्हणायची, "अरे, बॅटरी काढून घे." मग तो पाना उचलायचा. गिऱ्हाइकांना याची गंमत वाटायची. काही तर मुद्दाम थांबून बघत. मला कधी गंमत वाटली नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दोन दांडग्या मुलांनी टेलिफोनची तार करून टाकली होती.

आईला गाडी चालवता येत नाही. पण गाडीचं तिला जेवढं कळतं तेवढं चालवणाऱ्यांना कळत नसेल. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गॅरेज म्हणजे चार पत्रे होते आणि बाबांच्या हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती. बाबा बॉनेटखाली वाकलेले आणि आई ड्रायव्हरच्या जागी. "रेस दे," बाबा ओरडायचे, की तिनं पाय दाबायचा. "सोड." सोडायचा. "बंद कर." किल्ली फिरवायची. पोळपाट-लाटणं तसंच टाकून, पिठाचे हात पदराला पुसत ती लोकांच्या गाड्यांत जाऊन बसायची. कितीतरी वर्षं. आम्ही तिन्ही भावंडं तिच्या पोटात असतानाही. रेस देता देता तिचा कान तयार झाला. "आज हिचा आवाज बसलाय," असं ती गाडीबद्दल म्हणायची, घरातल्या माणसाला सर्दी झाल्यासारखं. बाबा चिडवायचे, "आता तूच सांग, डॉक्टरीणबाई." ती सांगायची, आणि पुष्कळदा ते खरं निघायचं. श्रेय कुणी दिलं नाही. बाबांनी तिला कधी बॉनेटच्या बाजूला उभंही केलं नाही, आणि मला तर पान्याला हात लावू दिला नाही. विद्या होती ती मुलांसाठी. तिचं मुलांनी काय केलं ते दिसतंच आहे.

पुढे आई जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, बसवलं ते वेडंवाकडं बसलं. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. दवाखान्यात ती पडून होती तेव्हा आमची मावशी, आईची धाकटी बहीण, स्वतःचा संसार उघडा टाकून येऊन राहिली. आईचं न्हाणंधुणं, पाय दाबणं, रात्री उठवणं, सगळं तिनं केलं. आई तिला चिमी म्हणते. मावशीचे केस पांढरे झाले तरी चिमीच.

बाबा प्रेम बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काय केलं, तर घरच्या जुन्या गाडीच्या पुढच्या सीटचं बिजागर कापलं आणि ती सीट पार मागे, मागच्या सीटला टेकेपर्यंत आडवी होईल अशी केली. पाय पुढे सोडून, डोकं मागच्या सीटवर ठेवून आई तिच्यात नीट झोपू शकायची. त्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्या गाडीत तिला बसताच यायचं नाही. बसायचं म्हणजे गुडघा वाकवायचा, आणि तो तर वाकत नव्हता.

आता भांडणाचं. त्या गाडीचा मूळचा पेट्रोलपंप इंजिनावर होता. तो निकामी झाला आणि तसला दुसरा कुठे मिळेना. मग दोघा भावांनी मागच्या सीटखाली करंटवर चालणारा नवा पंप बसवायचं ठरवलं. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि आदल्याच दिवशी त्यांनी गॅरेजची किल्ली थोरल्याच्या हातात दिली होती. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण तो बोलला नव्हता. थोरल्यानं वायरीची टोकं धरली, धाकट्यानं पीळ दिला. धाकटा म्हणाला, सोल्डर करून घेतो, नाहीतर जोड सुटेल. थोरला म्हणाला, ते नंतर कर, आधी गाडी चालू करून बघू. धाकटा म्हणाला, किल्ली मिळाली म्हणून लगेच मालक झालास का. तिथून एकेक जुनं निघत गेलं. शेवटी थोरला ओरडला, "तुझ्या करंटचं तू बघ!" आणि धाकटा ओरडला, "तुझ्या पेट्रोलचं तू बघ!" वाटणी झाली ती ही. कागद नाही, वकील नाही. बाबा गेले तरी दोघे दोन टोकांना उभे होते.

या वर्षी मावशी आजारी पडली. तिच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "आता फार दिवस नाहीत. अजून माणसं ओळखतात, सारखं ताई कधी येणार विचारतात. ओळख आहे तोवर घेऊन या." मावशीचं गाव म्हणजे काही जगाचं दुसरं टोक नव्हे. शहर संपलं, पाण्याची टाकी गेली की लांबलचक चढ लागतो, चढापलीकडे उतार, उतारावर गाव. अर्ध्या दिवसात जाऊन यावं असं.

मी अँब्युलन्स मागवते म्हणाले. आई भडकली. "मला आडवी घालून नेणार? चिमीला वाटेल ही माझ्याआधी गेली. आपली गाडी आहे ना? दोन-दोन मेस्त्री पाळलेत मी घरात."

पहिल्यांदा थोरला घेऊन निघाला. मी मागे, आईच्या डोक्याशी. गाडी झकास निघाली. पाण्याची टाकी गेली, चढ लागला, आणि चढाच्या मध्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. थोरल्यानं किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं. अर्धा-पाऊण तास उन्हात थांबलो. मग गार झाल्यावर, काही झालंच नाही अशा थाटात गाडी चालू झाली. थोरल्यानं ती वळवून घरी आणली. "पेट्रोल तापतंय पाइपात," तो म्हणाला. "वाफ धरते. करतो मी."

वाटेत आई मला म्हणाली, "अगं, ती बंद पडायच्या आधी माझ्या पाठीखाली पत्रा गरम लागला. मग माझ्या कानाखालची गुरगुर थांबली. मग गाडीनं आचके दिले. आधी गुरगुर थांबली, गाडी नंतर."

तिचा कान मागच्या सीटवर, आणि पंप त्या सीटच्या खाली. तिच्याइतकं जवळून ते कुणाला ऐकू येणार? मी थोरल्याला सांगितलं. तो हसला. "पंप नवा बसवलेला आहे. मी पाइप काढून बघितलं, धो धो पेट्रोल येतंय." आलं असेलच. त्यानं बघितलं ते सकाळी, सावलीत, गार गाडीत. मग त्यानं फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, पाइपाला ओलं फडकं गुंडाळलं. जागेवर उभी करून इंजिन तापवून दाखवलं. गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी. "बघ," म्हणाला, "माझ्याकडून ओके. आता बंद पडली तर करंटचा प्रॉब्लेम. आई, त्याला सांग."

आईनं सांगितलं. धाकट्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, कॉइल बदलली, वायरी बदलल्या, प्लग काढून ठिणगी दाखवली. "निळी आहे बघ, आई. करंट ठणठणीत." मी त्याला गुरगुरीचं सांगितलं. तो म्हणाला, "पंप? पंप पेट्रोलचा ना? तो माझ्याकडे येत नाही."

"अरे, पण चालतो करंटवर."

"त्याची वायर पंपात जाते. पंपात गेली की माझी हद्द संपली."

मी म्हटलं, तुम्ही दोघे गाडी दुरुस्त करताय की सातबारा लिहिताय? त्यानं पुढचा प्लग काढायला घेतला.

दुसऱ्यांदा धाकटा घेऊन निघाला. तोच चढ. तेच आचके. या वेळी आई वाटेतच ओरडली, "थांबली रे गुरगुर!" आणि थोड्याच वेळात गाडी बंद पडली. गोष्ट इतकी उघड होती. आजारी माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय इथे दुखतंय, आणि दोन डॉक्टर दोन बाजूंना बसून त्याचे हातपाय तपासताहेत.

तोवर मावशीच्या सुनेचे फोन वाढले होते. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी गॅरेजच्या मध्यात उभी राहिले आणि सांगितलं, दोघंही गाडीत बसा. बंद पडली तर तिथल्या तिथे, तापलेली असतानाच उघडा. एकानं पेट्रोल बघा, एकानं करंट. नाहीतर उद्यापासून जेवायचं बाहेर. दोघे एकमेकांकडे न बघता हात धुवायला गेले.

आईनं त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली. थोरला चालवायला, धाकटा मागे माझ्या शेजारी अंग चोरून, आणि मध्ये आडवी आई. पाण्याची टाकी गेली, चढ लागला. चढावर आई म्हणाली, "पाठ तापली." थोड्या वेळानं म्हणाली, "थांबली." आणि गाडी थांबली.

दोघे उतरले. थोरल्यानं पुढे पेट्रोलचा पाइप सोडला. कोरडा. धाकट्यानं ठिणगी बघितली. लखलखीत. म्हणजे पंप बंद पडतोय हे आता आंधळ्यालाही दिसत होतं.

"आई," थोरला म्हणाला, "त्याला सांग, पेट्रोल येत नाही कारण पंपाला करंट मिळत नाही."

"आई," धाकटा म्हणाला, "त्याला सांग, माझी ठिणगी चालू आहे. पंप त्यानं आणला होता."

आई आडवी पडल्या पडल्या ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "अरे गाढवांनो, माझ्या डोक्याखाली आहे तो! मला बाहेर काढा आणि ही सीट उचला दोघं मिळून!"

आईला गाडीतून काढायचं तर दोन माणसं लागतात. एकानं काखेत हात घालायचे, एकानं ताठ पाय सांभाळायचा, आणि दोघांनी एकदम उचलायचं. एकदम म्हणजे कुणीतरी "हं, उचल" म्हणायला हवं. घरी ते मी आणि थोरल्याची बायको करतो. सकाळी तिला गाडीत घालतानाच माझी कंबर धरली होती, मला ते आता जमणारं नव्हतं. मी दोघांकडे बघत राहिले. थोरला तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. धाकटा पायाशी. दोघांचे हात तिच्या अंगाखाली गेले. फक्त तो एक शब्द हवा होता. तो मी म्हटला, "उचला!" तर थोरल्यानं हात काढून घेतले. "भर रस्त्यात तिला कुठे काढायची?" तो म्हणाला. "लोक बघतात." त्याची काळजी आईची नव्हती. सीट उचलली असती आणि बिघाड पेट्रोलच्या बाजूला निघाला असता तर, ही त्याची काळजी. आणि धाकट्यानं इतक्या चटकन हात मागे घेतले की त्यालाही तीच होती हे कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुनेनं फोन मावशीच्या कानाशी धरला होता, मी आईच्या धरला.

"ताई, कुठवर आलीस?"

"चढावर आहे गं, चिमे."

"मग ये ना."

"येते."

गाडी गार व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला. ऊन टळटळीत होतं. आईला लघवी धरवली नाही. ठेवणीतल्या साडीत, मुलांसमोर, सीटवर. तिनं तोंड काचेकडे फिरवलं. मी पदरानं झाकलं जमेल तेवढं. गाडी चालू झाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पुढे अजून निम्मा चढ होता. थोरला म्हणाला, "परत फिरू या." धाकटा त्याच क्षणी म्हणाला, "परतच फिरलेलं बरं." इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "माग ती अँब्युलन्स." मी मागवली. ती यायची होती त्याच्या आदल्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. शेवटपर्यंत ताई चढावर आहे, ताई चढावर आहे, म्हणत होत्या, असं ती म्हणाली. मी ते आईला सांगायला नको होतं. सांगितलं. तिला खोटं ऐकू येतं, गाडीचंही आणि माणसाचंही.

पुढच्या आठवड्यात मी ती मागची सीट धुवायला काढली. कव्हर बदलायचं होतं, ते माझ्या हद्दीतलं काम. सीट वर उचलली आणि खाली पंप दिसला, पंपाजवळ वायरीचा तो जोड. त्याच्यावरची टेप सुटून काळी पडली होती. आत तांब्याचा पीळ, सोल्डर न केलेला, सैल, हिरवा-काळा. त्याच पत्र्याखालून सायलेन्सरचा पाइप जातो. चढावर तो तापला की पत्रा तापत होता, पत्रा तापला की जोड ढिला पडून करंट तुटत होता. गार झाला की पुन्हा जुळत होता. मी किल्ली फिरवून बोटानं जोड हलवला. गुरगुर आली, गेली. आली, गेली. भांडण झालं त्या दिवशी जिथे काम सोडलं होतं तिथेच ते पडून होतं.

मी दोघांना हाक मारली. आईची खुर्चीही गाडीजवळ आणली. दोघांनी वाकून बघितलं. मला वाटलं, आता तरी एखादा रडेल.

"आई," थोरला म्हणाला, "त्याला सांग, पीळ त्यानं दिला होता."

"आई," धाकटा म्हणाला, "त्याला सांग, मी सोल्डर करतो म्हणत होतो. त्यानंच थांबवलं."

आई त्या जोडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी नाही सांगणार."

"म्हणजे?"

"म्हणजे आजपासून कुणाचं कुणाला काही सांगणार नाही. तुम्हाला कान आहेत, तोंडं आहेत. मी गुरगुर थांबली म्हणून बोंबलत होते तेव्हा तुम्ही मला सांगत होता, त्याला सांग. चिमीला काय सांगू, ते कुणी सांगितलं नाही मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, माझी खुर्ची तुझ्या खोलीत ने."

मी नेली. ती आता तिथेच असते, शिवणाच्या मशीनशेजारी. गॅरेजमध्ये खड्ड्याच्या काठावर जागा रिकामी आहे. दोघे भाऊ अजून बोलत नाहीत. नुसतं पेट्रोलचं काम आलं तर होतं, नुसतं करंटचं आलं तर होतं. दोन्ही मिळून असलेलं काम आलं की गाडी तशीच उभी राहते, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक ती ढकलत दुसरीकडे नेतं. मी बघते, आणि खरं सांगते, मला वाईट वाटत नाही.

जोड मी केला. थोरल्याच्या भिंतीवरची पक्कड घेतली, धाकट्याच्या डब्यातला स्क्रूचा कनेक्टर घेतला, दोघांनाही विचारलं नाही. तारा घासून साफ केल्या, कनेक्टरमध्ये घालून आवळल्या आणि पत्र्यापासून वर उचलून बांधल्या. काम दहा-पंधरा मिनिटांचं. नवं कव्हर चढवलं. मग वहिनीला बोलावलं, तिनं पाय सांभाळला, मी "हं, उचल" म्हटलं, आणि आईला गाडीत झोपवलं. चालवायला मीच बसले.

पाण्याची टाकी गेली. चढ लागला. मध्यावर ती जागा आली तेव्हा आई म्हणाली, "पाठ तापली." मी रेस वाढवली. गाडी चढत राहिली. माथ्यावर पोचलो. तिथून खाली उतार आणि उताराच्या टोकाला मावशीचं गाव दिसतं, पत्र्याची छपरं वगैरे.

"थांबव," आई म्हणाली.

मी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"चालू आहे ना गं?"

"चालू आहे, आई."

"मग वळव," ती म्हणाली. "आता खाली कोण आहे?"